आमच्या गावाचा ठिपका

"बाई, तू दिसभर त्या डब्यापुढं बसून नेमकं करतीस तरी काय?" काकांनी मला एकदा विचारलं होतं. डबा म्हणजे माझा लॅपटॉप. मी म्हटलं, "दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते, काका." ते म्हणाले, "आन् त्येचा पगार देत्यात? मग तुझी काकू इतकी वर्सं फुकटच राबायली म्हनायची!" काकूनं आतून उलथणं आपटलं आणि आम्ही दोघं हसलो. हा विनोद ते पुढं पाहुण्यारावळ्यांनाही ऐकवायचे. आता ते काहीच ऐकवत नाहीत, म्हणून मी तो इथं लिहून ठेवते आहे.

काका म्हणजे माझे थोरले चुलते. वडील एसटीत, आज या डेपोत तर उद्या त्या, आई त्यांच्यासोबत, म्हणून मी लहानपणापासून काका-काकूंकडंच वाढले. आमचं गाव सास्तूरच्या बाजूला. भूकंपात ते सगळं पडलं आणि सरकारनं ओढ्यापलीकडं माळावर नवं बांधून दिलं. माझा जन्म त्यानंतरचा, पत्र्याच्या शेडातला. पडलेल्या गावात मी एक दिवसही राहिलेले नाही. तरीही पुढं जे झालं ते माझ्या हातून झालं, याचं मला अजून नवल वाटतं आणि रागही येतो.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कॉलेजात आम्हाला सरांनी सॉफ्टवेअर कसं तयार होतं त्याच्या पायऱ्या लिहून दिल्या होत्या: आधी लोकांच्या गरजा समजून घ्यायच्या, मग आराखडा, मग बांधणी, मग चाचणी, मग माल लोकांच्या हातात द्यायचा आणि शेवटी आयुष्यभर डागडुजी. यातल्या सगळ्यात जुन्या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर येतं, पुन्हा वर चढत नाही. वर्गातली पोरं हे पाठ करत होती आणि मी आमच्या नव्या गावाचा विचार करत होते. तेही असंच झालं होतं. तंबूत बसलेल्या लोकांना कुणीतरी काहीतरी विचारलं, कुठल्याशा कचेरीत आराखडा निघाला, घरं उठली, किल्ल्या वाटल्या. चाचणीची पायरी कुणी केली ते मला कधी कळलं नाही. सरळ रेघेत घरं, सगळ्यांची तोंडं सारखी, आणि गोठा कुठं करायचा हे कुणी विचारलंही नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. घरातलं माणूस मेलेलं असताना म्हशीची जागा कोण सांगणार? मग लोकांनी वर्षानुवर्षं पत्रे ठोकले, ओसऱ्या काढल्या, भिंती फोडून दारं पाडली. तीच डागडुजी. मी रागानं बोलते खरी, पण त्या भिंती पक्क्या आहेत आणि त्यांच्यात मी रोज निजून रोज उठले, हेही खरं आहे.

गाव हललं, मारुती मात्र हलला नाही. तो जुन्याच जागी, पिंपळाखाली राहिला. आजही नवरदेव आधी तिथं जाऊन नारळ फोडतो, मगच मांडवात येतो. नवं धान्य आलं की पहिली पाटी तिथं जाते. बाकी सगळीकडं बाभळी आणि दगडांचे ढीग. लहानपणी काका मला बोट धरून त्या ढिगांमधून फिरवायचे. ते गल्लीतून चालल्यासारखे चालायचे, म्हणजे मधूनच वळायचे, मधूनच थांबायचे. "हितं गिरनी. हिकडं सुताराचं घर. दाराला डोकं लागंल, जपून," असं म्हणायचे आणि नसलेल्या चौकटीखालून मी खरंच वाकून जायचे. सहासात वर्षांची असेन. मला त्या गावाचं दार न् दार माहीत होतं आणि एकही दार मी पाहिलेलं नव्हतं.

एका ढिगापाशी आलो की ते बोलायचे थांबत. ते आमचं घर. त्यांची दोन वर्षांची मुलगी तिथं गेली. तिच्यानंतर त्यांना मूल झालं नाही. मी त्या घरात कुणाच्या जागी आले हे मला कुणी सांगितलं नाही, आणि कुणी लपवलंही नाही. काकांना मी तिथं कधी रडताना पाहिलं नाही. ते घसरलेले दगड उचलून एकावर एक नीट लावत बसायचे. मी बाजूला बोरं खात बसायची.

टेस्टिंग मी कॉलेजात शिकले असं लोक समजतात. मी ते काकांकडून शिकले. पेरणीच्या आधी ते सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत, आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते मला मोजायला लावत. मी पिशवीच्या तोंडाशी हात घालून मूठभर बी काढलं की हातावर चापटी बसायची. "वरचं दानं कुनीबी घेतंय. बुडातलं काढ, मधलं काढ. आन् जी पिशवी आपल्याला लई भारी वाटती ना, ती आधी बग." पुढं मी त्यांना आमच्या धंद्यातला एक नियम सांगितला, की त्याच त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या तर त्यांना नव्या चुका सापडत नाहीत आणि या नियमाला नाव कीटकनाशकावरून दिलेलं आहे. काका माझ्याकडं बघतच राहिले. "एकच औषिद सारखं मारलं की अळी त्येला सरावती, हे शिकायला पुण्याला गेलतीस व्हय तू?"

पुण्यात मी चार वर्षं होते. साथीच्या काळात सगळ्यांसारखी घरी आले आणि परत गेले नाही. कंपनीनं घरून काम चालू ठेवलं. ओसरीच्या कोपऱ्यात माझं टेबल लागलं आणि काकूनं त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवायचं बंद केलं, एवढाच काय तो माझ्या नोकरीचा घरात मान.

मग ते ॲपचं काम आलं. फोनवर एक बटण दाबलं की जवळच्या दवाखान्याची रुग्णवाहिका दारात यावी, असं ते ॲप होतं. काही खाजगी दवाखान्यांनी मिळून आमच्या कंपनीकडून करून घेतलेलं. आमची कामाची पद्धत आता वॉटरफॉलची नाही. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, थोडं बांधायचं, तपासायचं, दाखवायचं, चुकलं तर परत बांधायचं. ही पद्धत बरी म्हणतात आणि ती बरी आहेही. फक्त शेवटच्या आठवड्यात कुठलीही पद्धत असली तरी सगळ्यांच्या डोक्यावर पाणी पडतच असतं.

त्या शेवटच्या आठवड्यात एक गोष्ट तपासायची राहिली होती. खेड्यात कधी कधी फोनला आपण कुठं आहोत ते सापडत नाही. अशा वेळी माणसानं यादीतून गावाचं नाव निवडायचं आणि ॲपनं त्या गावासाठी आधीच साठवलेला नकाशावरचा ठिपका गाडीच्या ड्रायव्हरला पाठवायचा. हे ठिपके कुठल्याशा जुन्या नकाशावरून एकगठ्ठा उचललेले होते. प्रत्येक ठिपका गावातच पडतो की नाही, हे कुणीतरी बघायला हवं होतं. आमचा टीम लीड, पुण्यातला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि स्वभावानं चांगला मुलगा, मीटिंगमध्ये म्हणाला, "लोहारा आणि उमरगा तालुके तूच घे. तू तिकडचीच आहेस, तुझ्याइतकं कुणाला कळणार?" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानंच तो तपासू नये, हे आमच्याकडं पहिल्या दिवशी शिकवतात. आपल्या लेकराचं नाक वाकडं आहे हे आईला दिसत नाही, इतकी साधी गोष्ट आहे ती. पण माणसानं आपलं गाव तपासू नये, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

तक्त्यात गावाचं नाव, अपेक्षित ठिकाण, प्रत्यक्ष दिसलेलं ठिकाण, निकाल आणि शेरा असे रकाने होते. आमचं गाव यादीत बरंच खाली होतं. मी आधी तेच उघडलं, लेकरं ताटातला गोड पदार्थ आधी खातात तसं. नकाशाचा उपग्रहावरून काढलेला फोटो आला. ओढ्याचं वळण दिसलं. पिंपळाचा गर्द हिरवा गोल दिसला, त्याच्या कडेला मारुतीच्या देवळाचं पांढरं छत. त्याच्या बाजूला तांबडा ठिपका. मी फोटो मोठा केला आणि गिरणीची जागा ओळखली, सुताराचं घर ओळखलं, आमच्या घराचा ढीगही ओळखला. आतून असं काही भरून आलं, की सांगता येत नाही. पुण्याच्या कंपनीच्या पडद्यावर आमचं गाव होतं. निकालाच्या रकान्यात मी 'पास' लिहिलं. शेऱ्यात काही लिहायची गरज नव्हती, तरी लिहिलं: 'माझंच गाव. अगदी अचूक.' पुराव्याला फोटो जोडला आणि पुढं गेले.

खरं वाईट यापुढंच आहे. दुपारनंतर यादीत दुसरं एक गाव आलं, आमच्यासारखंच पडून दुसरीकडं वसलेलं. त्याचाही ठिपका जुन्या जागेवर होता. ती चूक मी एका क्षणात पकडली. कळवताना ठसक्यात लिहिलं, की इथं आता कुणी राहत नाही, गाडी मोकळ्या रानात जाईल, पेशंटच्या जिवाला धोका आहे, ताबडतोब दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी लीडनं सगळ्यांपुढं माझं कौतुक केलं. जिथं एक चूक सापडते तिथंच आसपास आणखी असतात, हाही आमचा नियम, म्हणून मी आजूबाजूची पाच गावं पुन्हा उघडून पाहिली. आमचं पाहिलं नाही. ते झालेलं होतं.

त्यानंतर दीडेक वर्ष गेलं. ॲप चाललं. मी ते काकूच्या फोनमध्येही टाकून दिलं आणि बटण कुठं आहे ते दाखवलं. काकू म्हणाली, "ह्येची पाळी नगं यायला, माय."

तुरीची रास होऊन गेलेले दिवस होते. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील. मी ओसरीवर कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसले होते. काका गोठ्यात म्हशीला पाणी पाजायला गेले होते. बादली पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूची किंकाळी. मी धावले. काका पाण्यात बसल्यासारखे पडले होते, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. त्यांना 'काही न्हाय' म्हणायचं होतं. ते मला ओठांवरून कळलं. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला.

शेजाऱ्यांची जीप बाजाराला गेली होती. मी फोन काढला, ॲप उघडलं. पत्र्याखाली फोनला ठिकाण सापडेना, म्हणून यादीतून गावाचं नाव निवडलं आणि बटण दाबलं. गाडी लगेच मिळाली. पडद्यावर छोटीशी पांढरी गाडी सरकू लागली. हे आपण तपासलेलं आहे, असं माझ्या मनात आलं आणि त्या तसल्या वेळीही मला स्वतःचा अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते.

काकूनं काकांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी शेजारी बसून फोन बघत होते आणि तिला सांगत होते, "सास्तूर सोडलं. फाट्यावर आली." फाट्यावरून आमच्याकडं यायला उजवीकडं वळतात. डावा रस्ता जुन्या गावाला जातो. गाडी डावीकडं वळली आणि मला काहीच खटकलं नाही. तो रस्ता मला इतका पाठ होता, की डोळ्यांनी नुसता त्याचा माग घेतला. ओढा ओलांडला. पिंपळाशी आली. "काकू, आली बघ! आली!" मी ओरडले. काकू काकांचं डोकं माझ्या हातात देऊन दाराकडं पळाली. फोनवर अक्षरं उमटली, की रुग्णवाहिका आपल्या ठिकाणी पोहोचली आहे.

"कुटं हाय गं?" काकूनं दारातून विचारलं. "रस्त्यावर कोनच न्हाय."

मी पुन्हा फोन पाहिला. तेव्हा कुठं मला पिंपळ दिसला. म्हणजे पिंपळ आमच्या दारात नाही, हे दिसलं. ड्रायव्हरला फोन लावला, लागेना. ओढ्याच्या त्या खोलात रेंज येते-जाते, बोलणं होत नाही, हेही मला लहानपणापासून माहीत होतं. तीनदा लावला. मग शेजारणीला काकांपाशी बसवलं आणि स्कूटी काढली.

त्या रस्त्यावर मी आयुष्यात कधी इतकी जोरात गेले नव्हते. गाडी मारुतीपुढं उभी होती, मागचं दार उघडं, स्ट्रेचर खाली काढलेलं. ड्रायव्हर नवखा होता, दुसऱ्या तालुक्यातला. दगडांच्या ढिगांकडं तोंड करून तो हाका मारत होता. मला बघून त्याच्या जिवात जीव आला. "ताई, पेशंट कुठं हाय? केव्हाचा हाका मारायलो. हितं तर कुनीच न्हाय." मी त्याला नवं गाव हातानं दाखवलं. स्कूटी वळवताना मनात एक विचार येऊन गेला, की या गावात दवाखान्याची गाडी आली खरी, पण किती वर्षं उशिरा. मग स्वतःचाच संताप आला, की काका तिकडं पडलेले असताना मला असलं काही सुचतं कसं.

दवाखान्यात डॉक्टरांनी किती वाजता पडले ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "थोडं आधी यायला पाहिजे होतं. लगेच द्यायचं एक इंजेक्शन असतं."

काका वाचले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणूस ओळखतात, सगळं समजतं, डाव्या हातानं पाण्याचा पेला धरतात. बाकी सगळं काकू करते.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडला आणि जुना तक्ता शोधून काढला. माझी ओळ तिथंच होती. 'माझंच गाव. अगदी अचूक.' मी नवी चूक नोंदवली. कशी घडली त्याच्या पायऱ्या लिहिल्या: फोनचं ठिकाण बंद असताना यादीतून हे गाव निवडा, बटण दाबा, गाडी कुठं जाते ते पाहा. अपेक्षित काय, प्रत्यक्ष काय. कारणाच्या रकान्यात लिहिलं, की ठिपका चुकीचा असताना टेस्टरनं तो बरोबर ठरवला, आणि टेस्टरच्या जागी स्वतःचं नाव घातलं.

संध्याकाळी लीडचा फोन आला, मी तो घेऊन बाहेर रस्त्यावर गेले. काकांची चौकशी केली, मनापासून केली. मग अडखळत म्हणाला, "कारण जरा बदलूया का? नकाशाच्या डेटाची चूक आहे म्हणू. आहेच ना ती. तुझं नाव कशाला?"

"कारण तो मी पास केला," मी म्हटलं.

"अगं, पण तो कुणालाही बरोबरच वाटला असता."

"कुणालाही नाही. तू तपासला असतास तर फोटोत रान आणि दगड बघितले असतेस आणि विचारलं असतंस, की इथं घरं कुठं आहेत?" माझा आवाज चढला होता. त्याचा काही दोष नव्हता, पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि घरात आवाज काढायची सोय नव्हती.

त्यानं कारण बदललंच. दोन दिवसांत ठिपका नव्या गावात, ग्रामपंचायतीपुढं आला. दुसऱ्या कुणीतरी तपासला, त्या चुकीची नोंद बंद झाली. कागदावर माझ्या नावाला डाग लागला नाही. मला तो लागलेला हवा होता. शिक्षा झाली असती तर निदान काहीतरी फिटल्यासारखं वाटलं असतं.

राहता राहिलं घर. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ड्रायवर चुकला, वाट गवसली न्हाय बिचाऱ्याला." ती त्या पोराला शिव्यासुद्धा देत नव्हती. मी तिथंच बसलेली असायची. रोज ठरवायची की आज सांगू, आणि रोज काकांच्या तोंडात भाताचा घास जाताना बघून उठून जायची. महिना असाच गेला. मग एका दुपारी मनाचा हिय्या केला. दुसऱ्या कुणाला नाही तरी काकांना सांगायचंच. 'लई भारी वाटती ती पिशवी आधी बग' असं त्यांनीच मला शिकवलं होतं. बोलता येत नसलं तरी त्यांना ऐकू येत होतं.

मी फोनवर जुना पुरावा काढला, तोच फोटो, तोच तांबडा ठिपका. खाटेजवळ स्टूल घेऊन बसले. काकू उशाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "काका, तुम्हाला एक दाखवायचंय. गाडी ज्या जागेला गेली होती, ती ही. आणि ती मी..."

काकांनी डाव्या हातानं फोन माझ्याकडून काढून घेतला. डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघत राहिले. मग फोन छातीवर ठेवून डाव्या हाताचं बोट त्याच्यावर टेकवलं आणि हळूहळू सरकवलं. गिरणी. पुढं वळण. सुताराच्या दारापाशी बोट जरा थांबलं. मग आमच्या ढिगावर गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या जागेवर त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं.

काकू घडी टाकून वाकली. "बगू," म्हणाली. तिनं पदरानं काच पुसली आणि पाहिलं. "व्हय की. हेच आपलं घर. बरोबर हाय." आणि काकांनी मान हलवली. बरोबर.

फोनचा पडदा विझला. काकांनी घशातून आवाज काढला, तो पुन्हा लावायला सांगणारा. मी लावला. पुन्हा विझला, पुन्हा लावला. पुढं काय सांगायला आले होते ते मला सांगता आलं नाही.

आता रोज दुपारी ते हात पुढं करतात आणि मी तो फोटो लावून देते. ॲपमध्ये आता ते ठिकाण कुठंही नाही, फक्त माझ्या फोनमध्ये आहे. आमचं गाव बघायला मिळतं म्हणून काकू मला देवासारखी मानते. गाडी कुणामुळं चुकली, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.